गिअर पडतो का हो?

मराठीत गिअर 'पडतो'. पाऊस पडतो, भाव पडतात, सरकार पडतं, तसा गिअरही आपला आपण पडत असेल असं मराठी नव्यानं शिकणाऱ्याला वाटायचं. प्रत्यक्षात सात-आठ वर्षं चाललेल्या गाडीत तो पाडावा लागतो. सिग्नल हिरवा होतो, मागचा रिक्षावाला हॉर्नवर अंगठा ठेवून बसतो आणि आपण दांडीशी अशी झटापट करतो की शेजारच्या सीटवरून "अहो हळू, हातात येईल" असा इशारा येतो. पहिला म्हणून टाकलेला गिअर तिसरा निघतो. दुसरा पडताना पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळल्यासारखा आवाज येतो. रिव्हर्स पडला हे तर आपल्याआधी सोसायटीला कळतं.

यावर बहुतेक लोक पहिला उपाय करतात तो मूठ बदलण्याचा. मूठ ते गिअरबॉक्स या साखळीत सगळ्यात कमी दोष मुठीचा असतो, पण बदली आधी तिचीच होते. सरकारी खात्यातल्यासारखंच.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवं असतं आणि गिअरबॉक्स त्याच्या शेजारी, बॉनेटखाली. दांडी मात्र दोन सीटांच्या मध्ये. या दोघांना जोडणाऱ्या दोन केबल असतात. दांडी डावी-उजवीकडे नेली की एक केबल हलते आणि गल्ली ठरते. दांडी पुढे-मागे केली की दुसरी हलते आणि त्या गल्लीतलं घर ठरतं. जुन्या मारुती 800 मध्ये केबलच्या जागी लोखंडी दांडे होते, आणि मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीत तर दांडी स्टिअरिंगच्या खांबालाच होती. ती चालवणारा माणूस गिअर टाकतोय की छत्री मिटतोय हे लांबून कळायचं नाही. मार्ग कोणताही असला तरी शेवटी हालचाल गिअरबॉक्सच्या आतल्या चिमट्यापर्यंत पोचते, चिमटा एक कडं सरकवतो आणि ते कडं जाऊन हव्या त्या गिअरला धरतं.

मधला अवघड भाग एवढाच, की कडं आणि गिअर वेगवेगळ्या वेगानं फिरत असतात. चालत्या लोकलमध्ये चढणारा माणूस आधी फलाटावर गाडीबरोबर चार पावलं पळतो, वेग जुळला की मग दांडा धरतो. ते पळणं म्हणजे सिंक्रोमेश. पितळेची एक खाचांची रिंग गिअरच्या शंकूवर घासते, तेवढ्या घर्षणात दोघांचा वेग एक होतो आणि दात दातात बसतात. कॅडिलॅकनं 1928 साली ही सोय आणली. तोपर्यंत, आणि जुन्या ट्रकांत त्यानंतरही बरीच वर्षं, ड्रायव्हरला डबल क्लच मारून, म्हणजे मध्ये न्यूट्रलला क्लच सोडून पुन्हा दाबून, हे पळणं स्वतःच्या पायानं करावं लागे. आपल्या रिव्हर्सला बहुतेक गाड्यांत ही रिंग नसतेच. तो न पळता चढणाऱ्यांपैकी आहे, म्हणून एवढा ओरडतो.

एवढं कळलं की पाना हातात घ्यायच्या आधी पाच मिनिटांत निम्मं निदान होतं. गाडी सपाटीवर, हँडब्रेक घट्ट, इंजिन बंद. क्लच दाबून सगळे गिअर एकेक करून टाकून पाहा. इंजिन बंद असतानाही दांडी जड, चिकट किंवा कुरकुरत चालली, तर दोष केबलचा, तिच्या टोकाच्या बुशचा (रबरी किंवा प्लॅस्टिकच्या छोट्या कडीचा) किंवा दांडीच्या मुळाशी सुकलेल्या ग्रीसचा. (एखादा गिअर अजिबात बसत नसेल तर घाबरू नका, दातासमोर दात आला असेल. दुसरा एखादा गिअर टाकून मग तो पुन्हा टाकून पाहा.) इंजिन बंद असताना लोणी आणि चालू केल्यावर दगड, असं असेल तर क्लच पुरता सुटत नाहीये, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून पूर्ण वेगळं होत नाही. सकाळी जड आणि दहा किलोमीटरनंतर ठीक, तर गिअरबॉक्सच्या तेलाकडे बघा. आणि बाकी सगळे गिअर सुरळीत पडून एकाच गिअरला, बहुधा दुसऱ्याला, दरवेळी कर्रर्र होत असेल तर त्याची रिंग झिजली आहे. या शेवटच्या दुखण्यावर घरगुती इलाज नाही. गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि तो स्वयंपाकघरातल्या ओट्यावर उघडण्याची वस्तू नव्हे.

क्लचची आणखी एक चाचणी आहे. इंजिन चालू, गाडी उभी, क्लच तळापर्यंत दाबा, मनात तीन-चार आकडे मोजा आणि रिव्हर्स टाका. एवढं थांबूनही कर्रर्र झालं तर क्लच दाबलेला असतानाही गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरतोय. थांबल्यावर आवाज गेला तर गाडीला दोष नाही, घाई तुमची आहे. घाई सुटत नसेल तर आधी पहिला गिअर टाकावा आणि मग रिव्हर्स. पहिल्याची रिंग तो फिरता शाफ्ट थांबवून ठेवते.

क्लच पुरता न सुटण्याचं सगळ्यात स्वस्त कारण पायाखाली असतं, आणि ते बघायला कुणीही वाकत नाही. आपल्या गाडीच्या तळाला कंपनीचं कार्पेट असतं. त्यावर शोरूमनं दिलेली मॅट, त्यावर ती खराब होऊ नये म्हणून रबरी मॅट, आणि ती खराब होऊ नये म्हणून पावसाळ्यात अंथरलेला पेपर. या चार थरांवर पेडल टेकतं आणि माणसाला वाटतं क्लच पुरता दाबला. खाली जे दोन-तीन सेंटिमीटर उरले, क्लच सुटण्याची जागा नेमकी त्यांत असते. एक मॅट ठेवा, तीही हुकात अडकवून. गिअर सुधारण्याचा याहून चांगला उपाय मला माहीत नाही, आणि तो फुकट असल्यामुळे कुणी मनावर घेत नाही.

मॅट काढूनही फरक नाही, तर क्लच केबलचा आहे की तेलाचा, म्हणजे पेडलचा जोर केबल पोचवते की नळीतलं तेल, ते बघा. केबलच्या क्लचमध्ये पेडल हातानं हळूच दाबलं की सुरुवातीला थोडं रिकामं जातं, मग जड लागतं. हा रिकामा भाग म्हणजे 'प्ले'. तो पट्टीनं मोजा. साधारण 15 ते 25 मिलिमीटर, पण आपल्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तकात असतो आणि पुस्तक ग्लोव्ह बॉक्समध्ये पीयूसीच्या जुन्या पावत्यांखाली. केबल ताणली गेली की प्ले वाढतो आणि गिअर पडेनासा होतो. गिअरबॉक्सच्या बाजूला केबलच्या टोकाला नट असतो, तो आवळला की प्ले कमी होतो. पण हात आवरा. प्ले पूर्ण संपवला तर क्लच कायमचा अर्धा दाबलेला राहतो, क्लचची प्लेट घसरायला लागते, आणि शंभर रुपयांची दुरुस्ती प्लेटच्या बिलात जाऊन पोचते.

तेलावरच्या क्लचची खूण अशी: एकदा दाबून गिअर पडत नाही, पण पेडल दोन-तीनदा पंप केलं की गुमान पडतो. म्हणजे नळीत हवा शिरली आहे किंवा कुठलं तरी सील गळतंय. आधी गळती पाहा, मग हवा काढा. या तेलाला, म्हणजे ब्रेक फ्लुइडला, हवेतला ओलावा ओढून घ्यायची खोड असते, आणि कोकणातला ओलावा तर विचारायलाच नको. ते दर दोन वर्षांनी बदलायचं. डॉट 3 की डॉट 4 ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. पाव ते अर्धा लिटर पुरतं, बाटली सीलबंदच हवी. अर्धवट वापरून मागच्या दिवाळीपासून ठेवलेली नको.

हवा काढायला दोन माणसं लागतात. खरी परीक्षा इथं आहे. घरातल्या ज्या माणसाशी आज भांडण झालेलं नाही त्याला पेडलवर बसवा. नियम आधीच पाठ करून घ्या: वरच्यानं "दाबलं" म्हटलं की तो पाय तिथंच राहणार. खालचा स्लेव्ह सिलिंडरचा (गिअरबॉक्सच्या बाजूला तेलाच्या जोरानं क्लच ढकलणारा सिलिंडर) निपल, म्हणजे हवा सोडायचा छोटा स्क्रू, पाव वेढा उघडणार, त्याला लावलेल्या नळीतून तेल आणि बुडबुडे बाटलीत जातील, निपल बंद करून "सोड" म्हणणार, आणि मगच पाय वर येणार. निपल उघडा असताना पाय उचलला तर जेवढी हवा काढली तेवढी पुन्हा आत. "मला वाटलं तू सोड म्हणालास" हे वाक्य या कामात दर चार वेळांमागे एकदा येतंच, ते हिशोबात धरून चाला. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. मध्ये टाकीतली पातळी उतरू द्यायची नाही, कारण पुष्कळ गाड्यांत क्लच आणि ब्रेक एकाच टाकीवर जेवतात. आणि हे तेल रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, नाहीतर बॉनेटवर नकाशा उमटेल.

आता केबल आणि बुश. मजा इथंच आहे, कारण खर्च कमी आणि फरक हाताला लगेच कळणारा. दांडी गिअरमध्ये असूनही हातानं सैलसर डुलत असेल, पिठल्यात पळी फिरवल्यासारखी, तर केबलच्या टोकाचं रबरी किंवा प्लॅस्टिकचं बुश गेलं आहे. ही वस्तू जेमतेम अंगठीएवढी. एअर फिल्टरचं खोकं काढा, जागा कमी पडली तर बॅटरी आणि तिचा ट्रेही (आधी निगेटिव्ह टर्मिनल, मग पॉझिटिव्ह), की गिअरबॉक्सच्या माथ्यावर दोन्ही केबलची टोकं दिसतात. एकजण आत बसून दांडी हलवेल आणि तुम्ही टोकाकडे पाहाल. दांडी हलली तरी केबल जिला जोडली आहे ती गिअरबॉक्सवरची पट्टी क्षणभर ढिम्म राहत असेल, तर त्या क्षणभराचं नाव बुश. इंजिन अर्थातच बंद. इथं बोटं घालायची आहेत.

टोक एका छोट्या क्लिपनं अडकवलेलं असतं. या क्लिपचा गुणधर्म असा की ती निघताना उडते आणि इंजिनात अशा जागी जाऊन बसते जिथं फक्त पुढचा मालक पोचेल. क्लिपला आधी शिवणाचा दोरा बांधा. हसणारे हसोत. नवं बुश बसत नसेल तर गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवा, मऊ होतं. रबराऐवजी पॉलियुरेथेनची किंवा पितळेची बुशंही मिळतात. दांडी एकदम टणक आणि अचूक होते, हे खरं. पण रबर तिथं ठेवलेलं असतं ते इंजिनाची थरथर गिळायला. पितळ ती गिळत नाही, हातात आणून देते. रोज दोन तास ट्रॅफिकमध्ये बसणाऱ्यानं कंपनीचं रबरी बुशच घालावं असं माझं मत आहे.

बुश बदलूनही दांडी बरोबर मध्ये उभी राहत नसेल, म्हणजे न्यूट्रलमध्ये एका बाजूला झुकत असेल, तर केबलची लांबी जुळवायची. पुष्कळ गाड्यांत केबलच्या टोकाला लॉक असतो: तो सोडा, गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये आहे याची खात्री करा, आतली दांडी मधोमध धरा, लॉक पुन्हा दाबा. काही गाड्यांत दांडी मधोमध धरायला पिन घालण्याचं भोकच ठेवलेलं असतं. केबलचं वरचं आवरण फाटून आत गंज शिरला असेल तर मात्र हे सगळं सोडा आणि केबल बदला. गंजलेल्या केबलमध्ये काहीही ओतलं तरी ती दोन आठवडे कौतुक करून घेते आणि पुन्हा रुसते.

ओतण्यावरून आठवलं. दांडीच्या मुळाशी, घडीच्या कातड्याखाली, एक गोल चेंडू असतो आणि तो कटोरीत फिरतो. तिथलं ग्रीस वर्षांनुवर्षं धूळ, बिस्किटांचा चुरा आणि एकदा सांडलेला चहा खाऊन कुल्फीसारखं घट्ट होतं. यावर पार्किंगमधल्या काकांचा सल्ला ठरलेला: "थोडं खोबरेल सोड." खोबरेल 24 अंशांच्या आसपास थिजतं. डिसेंबरात पुण्याला डोक्याला लावायची बाटली उन्हात ठेवावी लागते, ती गाडीच्या आत कोण ठेवणार? दुसरा सल्ला डब्ल्यूडी-40 चा. त्या नावातच अर्थ आहे: पाणी हटवणारं, चाळिसाव्या प्रयत्नात जमलेलं मिश्रण. गंजलेला बोल्ट सोडवायला उत्तम. पण ग्रीस म्हणून मारलं तर असलेलं ग्रीसही धुऊन नेतं आणि महिन्याभरानं दांडी पहिल्यापेक्षा कोरडी. जुनं ग्रीस चिंधीनं पुसून काढा. धातूवर धातू घासतो तिथं पांढरं लिथियम ग्रीस, प्लॅस्टिक-रबर असेल तिथं सिलिकॉन ग्रीस. मटारच्या दाण्याएवढं पुरे. साध्या पेट्रोलियम ग्रीसनं काही प्रकारचं रबर फुगतं, आणि फुगलेलं बुश म्हणजे पुन्हा पहिल्या पानावर.

मग येतं गिअर ऑइल. इंजिन ऑइल बदललं की 'गाडीची सर्व्हिस झाली' म्हणून आपण मोकळे होतो. गिअरबॉक्स ओळीत मागे उभा राहिलेल्या भिडस्त माणसासारखा, त्याचा नंबर येतच नाही. त्याच्या तेलाला 75डब्ल्यू-90 किंवा 75डब्ल्यू-80 असा जाडपणाचा आकडा असतो आणि जीएल-4 किंवा जीएल-5 असा दर्जा. पाच चारापेक्षा मोठा, म्हणून जीएल-5 चांगलं, हा हिशोब दुकानदारही लावतात. तो चुकीचा आहे. जीएल-5 मध्ये गंधक-फॉस्फरसची द्रव्यं बरीच जास्त असतात, ती मागच्या ॲक्सलच्या जड गिअरांसाठी. आपल्या पितळी रिंगेला मात्र थोडं घासता यायला हवं. तेल फार निसरडं झालं की फलाटावर पळणाऱ्याचेच पाय घसरतात आणि गिअर कर्रर्र करतो. त्यातली काही द्रव्यं तापल्यावर पितळ खातात ते वेगळंच. पुस्तकात जीएल-4 लिहिलं असेल तर जीएल-4च. आणि काही गिअरबॉक्सना तर वेगळंच पातळ तेल लागतं, म्हणून पुस्तक.

छोट्या हॅचबॅकला साधारण दोन ते अडीच लिटर लागतं. तीन लिटर आणून ठेवा, एक लिटरसाठी तेलाच्या हातांनी दुकानात जायला लागत नाही. गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून तेल कोमट करा. मग चारही बाजूंना जॅक स्टँड, गाडी सपाट. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही आणि विटांवर तर नाहीच. वीट फुटण्याआधी तसं कळवत नाही.

आणि आता या लेखातली एकच गोष्ट लक्षात राहणार असेल तर ही राहू दे: भरायचं बूच आधी उघडा, सोडायचं नंतर. भरायचं बूच वर, गिअरबॉक्सच्या कुशीत असतं, कधी षटकोनी, कधी चौकोनी खाचेचं, आणि कारखाना सोडल्यापासून त्याला कुणी हात लावलेला नसतो. खालचं उघडून तेल परातीत घेतलं आणि मग वरचं हलेना झालं, तर गाडी जागची हलवता येत नाही आणि मेकॅनिकला घरी बोलवावं लागतं. तो काही बोलत नाही. नुसता परातीकडे बघतो. परातीकडे घरातलंही कुणीतरी बघत असतंच, तेव्हा जुना प्लॅस्टिकचा टब वापरा.

खालच्या बुचाला बहुतेक गाड्यांत चुंबक असतं. त्यावर काजळासारखा राखाडी लगदा चिकटलेला असला तर ती नेहमीची झीज, पुसून टाका. टोकदार कण किंवा दाताचा तुकडा मिळाला तर गाडी गॅरेजला. पितळ चुंबकाला चिकटत नाही, म्हणून टबातलं तेल उन्हात तिरपं धरून बघा. सोनेरी चकाकी खूप दिसली तर रिंगा झिजताहेत, आणि नवं तेल त्यांना थोडे दिवस समजूत घालेल इतकंच.

पंधरा-वीस मिनिटं गळू द्या. खालचं बूच नव्या वॉशरसह बसवा, हाताचा जोर पुस्तकातल्या आकड्याइतकाच, कारण केसिंग ॲल्युमिनियमचं असतं आणि आटे गेले तर पैसे बुचाचे नाही, केसिंगचे जातात. भरायला वरून बाटली उलटी करायला जागा नसते. दीड मीटरची पारदर्शक नळी, एका टोकाला नरसाळं, दुसरं टोक वरच्या भोकात. हे तेल पाकासारखं उतरतं. बंद बाटली आधी गरम पाण्याच्या बादलीत ठेवली तर जरा चटपटीत होतं. भोकातून तेल परत बाहेर यायला लागलं की पातळी झाली, बूच लावा. वासाची तयारी ठेवा. गंधकाची द्रव्यं हिंगातही असतात, आणि गिअर ऑइल म्हणजे हिंगाच्या डबीचा बिघडलेला चुलतभाऊ. शर्ट त्या दिवसापासून गाडीचा. जुनं तेल त्याच डब्यांत भरून गॅरेजमध्ये द्या, ते पुढे गोळा करणाऱ्याकडे जातं. गटारात ओतणाऱ्याशी मला बोलायचं नाही.

एवढं झाल्यावरही मूठ बदलायचीच असेल तर बदला. जड मूठ, चारशे-पाचशे ग्रॅमची, स्वतःच्या वजनानं दांडीला पुढे ढकलते आणि गिअर गुळगुळीत पडल्यासारखा वाटतो. आटे जुळतात का आणि रिव्हर्ससाठी वर ओढायची रिंग आहे का, एवढं आधी बघा. आणि स्टीलची घेत असाल तर नागपुरात मे महिन्यात दुपारी दोन वाजता उन्हात उभ्या गाडीची मूठ एकदा धरून पाहा. छोट्या अंतराची दांडी, म्हणजे शॉर्ट शिफ्टर, हाही एक शौक आहे. हाताची चाल 20 टक्क्यांनी घटली की जोर सव्वापट लागतो. तरफेचा नियम मॉडिफिकेशनवाल्यांना लागू नाही असं कुठं म्हटलेलं नाही.

राहिला हात. दांडीवर हात टेकवून गाडी चालवायची ऐट सोडा. त्या हाताच्या वजनानं आतला चिमटा फिरत्या कड्यावर दाबला जातो आणि झिजतो. न्यूट्रलपाशी अर्धा श्वास थांबून पुढचा गिअर टाकला की रिंगेला पळायला वेळ मिळतो.

रात्री गाडीखाली, गिअरबॉक्सच्या बरोबर खाली, एक कोरडा पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी त्यावर डाग दिसला तर आधी वास घ्या. वास नसला तर एसीचं पाणी. हिंगाचा आला तर वॉशर अजून तुमच्या खिशात आहे.